अभयारण्य कागदावर, गर्दी पाण्यावर
विशेष प्रतिनिधी

मालवणच्या जेटीवरून होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालेल्या पर्यटकाला आपण जलदुर्ग पाहायला चाललो आहोत, एवढेच ठाऊक असते. आपली होडी एका सागरी अभयारण्यातून जात आहे, याची कल्पना त्याला क्वचितच असते. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांत सिंधुदुर्ग आहे. ही बाब अभिमानाची आहेच. पण या मानाबरोबर वाढणारी गर्दी पेलण्याची तयारी मालवणच्या समुद्रात आहे का, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

मालवण सागरी अभयारण्याची अधिसूचना एप्रिल १९८७ मध्ये निघाली. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर असून, त्यातील सुमारे सव्वातीन चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र आहे. सिंधुदुर्ग ज्यावर उभा आहे ते कुरटे बेट, शेजारचा पद्मगड आणि भोवतालचे बुडालेले खडक या गाभ्यात येतात. याच खडकांवर प्रवाळ वाढतात. २००१ मध्ये प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. म्हणजे वाघाला जे कायदेशीर संरक्षण आहे, तेच किल्ल्याच्या तटाखालील या जीवांनाही मिळाले.

परंतु सर्वाधिक संरक्षित जागा आणि सर्वाधिक गर्दीची जागा येथे एकच आहे. स्नॉर्केलिंग व स्कूबा डायव्हिंगच्या होड्या किल्ल्याच्या परिसरातच थांबतात. उथळ पाण्यात टाकलेला नांगर खडकावर घासला की वर्षानुवर्षे वाढलेला प्रवाळ क्षणात मोडतो. पोहता न येणारा पर्यटक आधारासाठी खडकावर पाय टेकतो. छायाचित्रासाठी माशांना पावाचे तुकडे टाकले जातात आणि त्यांची नैसर्गिक खाण्याची सवय बिघडते. यातील एकेक गोष्ट किरकोळ वाटेल. पण हंगामात रोज, दिवसभर हेच चालू राहते. त्यात समुद्राचे तापमान वाढत आहे. २०१४ मध्ये मालवणच्या प्रवाळांचे विरंजन झाल्याची नोंद संशोधकांनी केली आहे. उष्णतेने आधीच दुबळ्या झालेल्या प्रवाळाला नांगराचा घाव सोसत नाही.

मच्छीमारांचा अविश्वास

या अवस्थेचे खापर केवळ पर्यटकांवर किंवा होडीवाल्यांवर फोडणे अन्यायाचे ठरेल. अभयारण्याला मालवणच्या मच्छीमारांनी पहिल्यापासून विरोध केला. त्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताचे रक्षण करण्याचे बंधन कायद्यात आले ते १९९१ च्या दुरुस्तीने. मालवणची अधिसूचना त्याआधी चार वर्षांची आहे. ज्यांच्या पिढ्या रापणीवर जगल्या, त्यांच्या दृष्टीने अभयारण्य म्हणजे वरून आलेली बंदी होती. पुढे पर्ससीन आणि प्रकाशझोतातील मासेमारीने त्यांचे उत्पन्न आटवले. त्या संघर्षात सरकार आपल्या पाठीशी उभे राहिले नाही, ही त्यांची तक्रार आहे.

पर्यटन याच पोकळीत शिरले. मासळीने साथ सोडली तेव्हा अनेक कुटुंबांनी होडीत पर्यटक घेतले, घराच्या दोन खोल्या न्याहारी-निवासासाठी दिल्या. तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर तंबू निवास उभे राहिले, कर्ली नदीच्या मुखाशी असलेल्या ‘त्सुनामी आयलंड’वर जलक्रीडा सुरू झाल्या. रोजगार मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र नदी आणि समुद्र यांमधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर किती तंबू, किती शोषखड्डे सामावतील, याचा हिशेब मागे राहिला.

जबाबदारी कोणाची?

येथे अभयारण्य वन विभागाचे, होड्यांचे परवाने सागरी मंडळाचे, मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाची, किल्ला पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा आणि पर्यटन पर्यटन महामंडळाचे. प्रत्येकाच्या अखत्यारीत एकेक तुकडा असल्याने संपूर्ण चित्राची जबाबदारी कोणावरच राहत नाही. त्याची किंमत केवळ प्रवाळच मोजतात असे नाही. २४ मे २०२२ रोजी स्कूबा डायव्हिंग आटोपून परतणारी होडी तारकर्लीजवळ उलटली आणि दोन पर्यटकांना प्राण गमवावे लागले. क्षमतेपेक्षा जास्त होड्या आणि माणसे पाण्यात उतरू देणारी व्यवस्था निसर्गाला धोक्याची असते, तशीच माणसालाही.

या गर्दीला वेसण घालणे अशक्य नाही. अंदमानातील वंडूरचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये स्थापन झाले. त्यातील पंधरा बेटांपैकी जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे पर्यटकांसाठी आलटून पालटून खुली केली जातात. एक खुले असते तेव्हा दुसऱ्याला विश्रांती मिळते. प्लॅस्टिक नेण्यास मनाई आहे, बेटावर रात्रीचा मुक्काम नाही. तरीही पर्यटक तेथे जातात आणि होडीवाल्यांचा व्यवसायही चालतो. मालवणात पावसाळ्यात समुद्र आपोआप बंद होतो. परंतु ही सुटी निसर्गाने दिलेली आहे, नियोजनाने नव्हे.

आपल्याच जिल्ह्यात दुसरे उदाहरण आहे. केंद्र सरकार व संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या सिंधुदुर्ग किनारा प्रकल्पात लहान मासळी निसटून जावी म्हणून चौकोनी आसाच्या जाळ्यांचा प्रसार झाला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचतगटाच्या महिलांनी कांदळवन सफर सुरू केली. खाडीतील झाडे उभी राहिली तरच आपली होडी चालेल, हे या महिलांना कोणी नियमपुस्तकातून शिकवावे लागले नाही. निसर्ग टिकण्यात ज्याचे पोट आहे, तोच त्याची राखण करतो.

पुढची परीक्षा

नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवती रॉक परिसरात समुद्रतळाशी बसवून पाण्याखालील संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्याची राज्य सरकारची योजना आहे. नव्या आकर्षणामुळे किल्ल्याभोवतीची गर्दी विभागली जाईल, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु याच भागातील वेंगुर्ला रॉक्सच्या गुहेत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. तेथे होड्यांची वर्दळ किती आणि कोणत्या काळात असावी, हे आधी ठरले नाही, तर मालवणची चूक पुन्हा घडेल.

करावयाची कामे अवघड नाहीत. गाभा क्षेत्रात नांगर न टाकता होडी बांधता यावी यासाठी कायमचे बोये बसवावेत. दररोजच्या होड्यांची मर्यादा ठरवून ती जेटीवर जाहीर फलकाने लावावी. स्नॉर्केलिंगच्या जागांना आळीपाळीने विश्रांती द्यावी. प्रवेशशुल्काचा निश्चित हिस्सा स्थानिक मच्छीमार संस्थांना मिळावा आणि मर्यादा ठरविणाऱ्या समितीत त्यांचे प्रतिनिधी असावेत. हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. मच्छीमाराला बाहेर ठेवून केलेले अभयारण्य कागदावरच राहिले, हा गेल्या जवळजवळ चार दशकांचा अनुभव आहे. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्या पर्यटकानेही मर्यादा म्हणजे अडवणूक नव्हे, हे ध्यानी घ्यावे. आज परत पाठविलेली एक होडी उद्याचा समुद्र राखून ठेवणारी असते.