टिकटिकीवर खोटा आरोप

‘रात्री मनगटी घड्याळाची टिकटिक झोपू देत नाही; विका ते जुने चावीचे धूड!’ असे सांगणारे सद्गृहस्थ प्रत्येक घरात एकतरी असतातच. दिवसभर भोंगे निमूट सोसणारे कान रात्री एवढे नाजूक कसे होतात, देव जाणे! घड्याळ पोकळ लाकडी टेबलावर ठेवायचे, टेबल तबल्यासारखे घुमले की दोष द्यायचा घड्याळाला. अहो, खाली घडीचा रुमाल घाला की!

शिवाय ती टिकटिक सेकंदाची नव्हेच. एचएमटीचे ‘जनता’ घ्या. बॅलन्सचे चाक सेकंदाला पाच ठोके देते, तासाला १८,०००. एकेका ठोक्यातही तीन आवाज: चाकाची खुंटी पॅलेट नावाच्या दुटांगी तुकड्याला भिडते, दात्याच्या चाकाचा दाता माणकाच्या खड्यावर आदळतो, पॅलेट कडेला टेकते. ही घड्याळाची नाडी. ठोके लंगडे पडले तर जाणता घड्याळजी कानानेच ओळखतो. त्याचे तपासणी-यंत्रही हाच आवाज ऐकून घड्याळ पुढे धावते की मागे पडते ते सांगते.

आणि बदली काय आणता? १९६९ साली जपानातून आलेले क्वार्ट्झ! त्याचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, पण कानाला कळत नाही. कळतो तो सेकंदाला एक कोरडा ठोका. सेल संपला की तोही बंद. चावीचे घड्याळ मात्र दमत आले की आवाज क्षीण करून सांगते.

एचएमटीची घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला. घरातले ‘जनता’ तरी भंगारवाल्याच्या पाटीत टाकू नका.