गाडी किती देते?

आमच्या शिंदखेड्यात कुणाच्या दारात जुनी गाडी येऊन उभी राहिली की लोक तिचा रंग नंतर पाहतात. पहिला प्रश्न असतो, ‘एव्हरेज किती?’ मोहल्ल्यात हाच प्रश्न ‘कित्ता देती?’ असा येतो आणि शेजारचा शेतकरी अहिराणीत ‘कितलं देस?’ म्हणतो. भाषा तीन, प्रश्न एकच. उत्तरही बहुधा ठरलेलं असतं: ‘हायवेला वीस-बावीस आरामात.’

माझं म्हणणं सरळ आहे. दहा-बारा वर्षं जुनी पेट्रोल गाडी, आत घरची पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि काटा नव्वद-शंभरवर, अशा अवस्थेत ती लिटरला पंधरा-सोळा किलोमीटर चालली तर गाडी उत्तम आहे, इंजिन निरोगी आहे. बावीस हा आकडा विसरा. आणि मुख्य म्हणजे त्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका. गाडीचा पत्रा बघता येतो, टायर बघता येतात, मेकॅनिकला दाखवून इंजिनचा आवाज ऐकता येतो. एव्हरेज ही एकच गोष्ट अशी आहे की जी सौद्याआधी तपासता येत नाही, आणि आपण सौदा नेमका तिच्यावर करतो.

बावीस सांगणारा प्रत्येक जण खोटारडा असतो असं नाही. तो आकडा कुठून तरी आलेला असतो. पुण्यात 1966 पासून ‘एआरएआय’ ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था आहे. जाहिरातीत आणि शोरूममध्ये जो आकडा दाखवतात तो बहुतेक अशाच प्रमाणित चाचणीचा असतो. 2014 च्या आसपासच्या पेट्रोल वॅगन-आरचा छापील आकडा 20.51 आहे. 2015 च्या डिझायरचा पेट्रोलला 20.85 आणि डिझेलला 26.59. पहिल्या एर्टिगाचा पेट्रोलला 16.02. हे आकडे बनावट नाहीत. फक्त ते कोणत्या रस्त्यावरचे आहेत, हे कुणी विचारत नाही.

ते रस्त्यावरचे नाहीतच. गाडी रोलरवर उभी करतात, चाकं जागेवर फिरतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग कमी-जास्त करतात. या वेळापत्रकाला ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ म्हणतात. आद्याक्षरं एमआयडीसी होतात, पण आमच्या नरडाण्याच्या एमआयडीसीशी त्याचा संबंध नाही. सगळी चाचणी वीस मिनिटांच्या आत उरकते. अंतर दहा-अकरा किलोमीटर, सर्वाधिक वेग ताशी 90 आणि तोही थोडाच वेळ, सरासरी वेग तीसच्या जरा वर. एसी बंद. म्हणजे लालिंगचा चढ नाही, राहुडचा घाट नाही, समोरून वारा नाही, मागे आजी नाही आणि आजीची पेटीही नाही. सगळ्या कंपन्यांना एकाच फूटपट्टीने मोजायचं म्हणून ही सोय आहे. एका गाडीची दुसरीशी तुलना करायला ती उपयोगी पडते, पण आपलं पेट्रोल किती लागेल ते तिच्यावरून कळत नाही.

आता आमच्या एका सहकारी सरांची गोष्ट. शाळा टप्पा अनुदानावरची, त्यामुळे पगार किती आणि केव्हा, हे शिक्षक वाचकांना सांगायला नको. अब्बांच्या उपचारासाठी महिन्यातून दोनदा नाशिकला जावं लागायचं. अब्बांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, एसटीत त्यांना 2022 पासून तिकीट नाही, पण त्यांना चार-पाच तास बसवत नाही. पाय लांब करावे लागतात. म्हणून सरांनी 2015 ची पेट्रोल डिझायर घेतली. एजंटाने सांगितलं, बावीस देते. सरांनी वहीत हिशेब मांडला. जाऊन-येऊन सव्वाचारशे किलोमीटर, म्हणजे एकोणीस-वीस लिटर, लिटरला 105 रुपये धरले तर दोन हजार. महिन्याला चार हजार. बसतंय, म्हणाले.

तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी टाकी भरून मोजलं. साडेपंधरा निघालं. म्हणजे फेरीला साडेसत्तावीस लिटरच्या आसपास. प्रत्येक फेरीत आठ लिटर जास्त, साडेआठशे रुपये जास्त. वर्षाला वीस हजारांच्या वर. ज्याच्या घरी पगारच अर्धामुर्धा येतो, त्याच्यासाठी हा आकडा म्हणजे अब्बांची एखादी फेरी पुढे ढकलायची की काय, असा प्रश्न असतो. गाडी खराब आहे, आपण फसलो, असं त्यांना वाटलं. दोन मेकॅनिक झाले, प्लग बदलून झाले. गाडी खराब नव्हती. साडेपंधरा हेच तिचं खरं उत्तर होतं.

का, ते समजून घेऊ. पहिलं कारण वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीचा वेग शंभर केला तर वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध दीडपटीपेक्षा जास्त होतो. सातवी-आठवीच्या मुलाला करता येईल असं गणित आहे. सोनगीरला महामार्ग लागला की आपला पाय आपोआप दाबला जातो. चौपदरी रस्ता, समोर मोकळं. धुळे ते नाशिक साधारण 160 किलोमीटर. शंभरने गेलात तर कागदावर पंचवीस मिनिटं वाचतात. प्रत्यक्षात टोलनाके, मालेगावची गर्दी आणि ट्रकांच्या रांगा त्यातली बरीचशी परत घेतात. पेट्रोल मात्र जळून गेलेलं असतं.

दुसरं, वजन आणि चढ. वॅगन-आरसारख्या गाडीचं स्वतःचं वजन नऊशे किलोच्या आत-बाहेर असतं. पाच मोठी माणसं आणि सामान म्हणजे त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त भार. सपाटीवर एकदा वेग धरला की तो फारसा जाणवत नाही, पण नाशिक धुळ्यापेक्षा सुमारे तीनशे मीटर उंच आहे. हे सगळं ओझं तेवढं वर चढवायचं असतं. म्हणून जाताना एव्हरेज पडतं आणि येताना वाढतं. नुसत्या परतीच्या प्रवासात मोजून ‘एकोणीस दिलं!’ म्हणणारे भेटतात, त्यांना जातानाचं विचारा. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून येतो, तो वेगळा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. आणि लग्नसराईत टपावर कॅरिअर बांधून त्यावर बॅगा रचल्या की विषयच संपला.

तिसरं कारण नवं आहे आणि जुन्या गाडीवाल्याला ते जास्त लागतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे. 2030 चं उद्दिष्ट सरकारने अलीकडे ओढलं आणि 2025 मध्येच गाठलं. त्याचा फायदा आहे, परदेशी तेल कमी लागतं, उसाला आणि आपल्याकडच्या मक्यालाही गिऱ्हाईक मिळतं. पण एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्याच 2021 च्या अहवालात लिहिलं आहे की जुन्या धाटणीच्या, दहा टक्के मिश्रणापर्यंत जुळवलेल्या चारचाकीचं एव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल. सोळा देणारी गाडी पंधरावर येईल, एवढाच त्याचा अर्थ. नंतर मंत्रालयाने ही घट किरकोळ असल्याचं सांगितलं. पगार पूर्ण येणाऱ्याला ती किरकोळ असेलही. तक्रार एवढीच की 2015 च्या गाडीचा 2015 चा छापील आकडा आज सांगताना ही वजाबाकी कुणी करत नाही.

मी स्वतःच्या वॅगन-आरची वही ठेवतो. घरचे हसतात, हसोत. दोघे जण, वेग पंच्याहत्तर-ऐंशी, हिवाळा, एसी बंद: 18.1. पाच जण, एसी, पंच्याण्णव-शंभर: 14.9. सुरतेच्या लग्नाला टपावर सामान बांधून कोंडाईबारीचा घाट करून गेलो तेव्हा 13.6. गाडी एकच, मालक एक, चालवणाराही एक. म्हणून ‘किती देते’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणारा माणूस अर्धंच सांगत असतो. मी कच्चा हिशेब असा करतो: छापील आकड्याचे तीन-चतुर्थांश धरायचे. 20.85 चे साडेपंधरा. सरांचं बरोबर तेच निघालं होतं. डिझेल गाडीलाही हाच हिशेब लावा, सव्वीसची वीस होते आणि तेवढी मिळाली तर खुशाल खूश व्हा.

मोजायची रीत तुम्हाला माहीत असेल, तरी सांगतो, कारण बहुतेक जण काट्यावरून मोजतात. टाकी नोझल आपोआप बंद पडेपर्यंत भरायची, किलोमीटर टिपायचे, गाडी चालवायची, पुन्हा शक्यतो त्याच पंपावर तशीच भरायची. जितके लिटर बसले त्याने किलोमीटरला भागायचं. पण अंतर मोठं हवं, तीनशेच्या वर. विकणारा म्हणतो, चला शिरपूरपर्यंत जाऊन येऊ, दाखवतो. जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटरला लागणार चार लिटर. भरताना अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. चारमध्ये अर्धा म्हणजे आठवा हिस्सा, पंधराचे सतरा आणि सतराचे पंधरा तिथेच होतात. म्हणून म्हटलं, सौद्याआधी हे तपासता येत नाही. शिवाय जुन्या गाडीला कधी मूळ मापापेक्षा लहान टायर बसवलेले असतात. मग मीटर जास्त किलोमीटर दाखवतं आणि एव्हरेज आपोआप वाढतं! महामार्गाच्या कडेचे किलोमीटरचे दगड वीस मोजा आणि मीटरशी ताडून पाहा, लगेच कळेल.

आता पैशाचं. दोन सारख्या गाड्या आहेत, एक पंधरा देते आणि दुसरी सतरा देते असं समजा. दुसरीसाठी पस्तीस हजार जास्त मागतात. तुमचं वर्षाचं चालणं सहा हजार किलोमीटर. पहिलीला 400 लिटर लागतील, दुसरीला 353. फरक 47 लिटर, म्हणजे पाच हजार रुपयेसुद्धा नाहीत. ते पस्तीस हजार वसूल व्हायला सात वर्षं. बारा वर्षांची गाडी आणखी सात वर्षं! त्यापेक्षा चार नवे टायर टाका, ब्रेकचं काम करून घ्या. आमच्याकडे नेमकं उलटं चालतं. एव्हरेजसाठी जास्त पैसे द्यायचे आणि गुळगुळीत टायरवर लेकरांना बसवून मालेगावला जायचं.

याहून वाईट एक सवय आहे, ती म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रल करणं. कार्बोरेटरच्या जमान्यातली ही शिकवण अजून बाप मुलाला देतो. इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय उचलला तर उतारावर इंजिनला पेट्रोल जवळपास बंदच होतं. चाकंच इंजिनला फिरवतात. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे बचत तर नाहीच, वर इंजिनचा लगाम सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. शेजारच्या शिरपूर तालुक्यात पळासनेरला 4 जुलै 2023 रोजी ब्रेक निकामी झालेला कंटेनर महामार्गावरच्या हॉटेलात घुसला, किमान दहा माणसं गेली. ते वाहन वेगळं, भार वेगळा. पण उतारावर ब्रेक गेला की काय होतं, हे त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलं आहे. चार रुपयांच्या पेट्रोलसाठी कोंडाईबारीत गिअर काढणाऱ्या आपल्या भावाला हे सांगा.

सरांनी पुढे काय केलं? गाडी विकली नाही. नाशिकला जाताना आता पाचाऐवजी तिघे जातात, अब्बा, सर आणि त्यांची बहीण. काटा ऐंशीच्या पुढे नेत नाहीत, टायरमधली हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे पहाटे तपासून निघतात. साडेसतरा मिळतं. फेरीला तीन लिटर वाचतात, तीनशे-सव्वातीनशे रुपये. बावीस नाहीच, पण महिन्याचा हिशेब त्यांनी साडेसतरावर नव्याने मांडला आहे, आणि अब्बांची एकही फेरी चुकलेली नाही. मागच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये दुसऱ्या एका शिक्षकाने त्यांना विचारलं, ‘सर, डिझायर किती देते?’ ते म्हणाले, ‘आधी सांगा, माणसं किती आणि घाई किती?’