गाळलेलं पाणी आणि डुकराचा कान



आपण पाणी गाळून पितो, कंदमुळं टाळतो, कॅप्सूलमध्ये जिलेटीन आहे का तेही विचारतो. मग मलमाचं आणि औषधी पट्टीचं काय? औषध त्वचेतून किती आत जातं हे पाहायला अनेक प्रयोगशाळा डुकराच्या कानाची कातडी वापरतात. "कत्तलखान्यातलीच असते, त्यासाठी वेगळं मारत नाहीत," असं म्हणतात. हाच युक्तिवाद ताटातल्या मांसाबद्दल आपण ऐकून घेऊ का?

आणि दुसरा मार्ग आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा. सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं हा चुना. औषधाला मुख्यतः हा चुनाच अडवतो. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात हेच स्निग्ध पदार्थ मिसळून सच्छिद्र पडद्यावर पातळ थर बनवला आणि त्यातून औषध किती जातं ते मोजलं.

या थरात केसांची मुळं नसतात, घामाची छिद्रं नसतात, हे खरं. पण पहिली चाळणी तरी त्यावर होऊ शकते! त्यातलं कोलेस्टेरॉल कुठलं, हेही विचारावंच. ते पुष्कळदा लोकरीच्या मेणातून काढतात.

सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना भारतात २०१४ पासून बंदी आहे. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांतही प्राण्यांविना पद्धतींना जागा मिळाली. दार उघडलंय, आपणच गप्प आहोत.

कृत, कारित, अनुमोदना, तिन्हींनी कर्म बांधलं जातं. माहीत असून न विचारणं ही अनुमोदनाच. कंपनीचा पत्ता खोक्यावर असतो. एक पत्र लिहा.