शेवटचा हप्ता

गेल्या महिन्यात आमच्या घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला. सौ.ने पेढे आणले. मला मात्र आर्थर मिलर यांच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ (१९४९) या नाटकातला विली लोमन आठवला.

माणूस चारचौघांना आवडला की पैसा मागून येतोच, हे अमेरिकन स्वप्न त्याने खरे मानले. साठी उलटल्यावर जुन्या मालकाच्या मुलानेच त्याला कामावरून काढले. विम्याचे २० हजार डॉलर मुलाला मिळावेत म्हणून विलीने मोटारीत जीव दिला. अंत्यविधीच्या दिवशीच बायकोने घराचा शेवटचा हप्ता भरला. कर्ज फिटले, पण घरात राहायला तो नव्हता.

आमचा मुलगा रात्री दहाला कामावरून आला. ‘साहेब खूश आहेत,’ म्हणाला. त्याच्या हातावर पेढा ठेवत मी म्हटले, ‘साकु रे बाळा. उद्या जेवायला घरी ये.’