सरपणाचं कोरं पान

'चूलमुक्त, धूरमुक्त महाराष्ट्र' ही घोषणा ज्यांनी केली, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. माझं भांडण आहे ते हे दोन शब्द एका दाव्याला बांधण्याशी. धूर गेलाच पाहिजे. आमच्या घरातल्या बायकांचे डोळे त्याने अधू केले, छातीचे भाते केले. महामार्गावर 'चुलीवरचं मटण' ही पाटी वाचून गाडी थांबवणाऱ्यांनी एकदा आषाढात ओल्या फाट्यांवर भाकऱ्या भाजून बघाव्यात. पण धूर घालवायचा म्हणजे चूल घालवायची, आणि चूल गेली असं कागदावर लिहिलं की ती खरोखर गेली, या दोन्ही गोष्टी मला मान्य नाहीत.

आमचा संगमेश्वर तालुका सह्याद्रीच्या पायथ्याचा. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत वाडीवाडीत लाल सिलिंडर पोचले. चांगलंच झालं. सकाळचा चहा, पोरांचा डबा, अवेळी आलेला पाहुणा, सगळं गॅसवर निभतं. पण पहाटे पाच वाजता वाडीतून चक्कर मारा. प्रत्येक घराच्या मागच्या पडवीतून धूर निघताना दिसेल. ती पाण्याची चूल. तिच्यावर आंघोळीचं पाणी तापतं, भात उकडायचा असला की हंडे चढतात, बाळंतिणीचं न्हाणं निघतं. या चुलीला कुठल्याही सरकारी तक्त्यात रकाना नाही. तक्ता विचारतो, 'स्वयंपाकाचं इंधन कोणतं?' बाई म्हणते, 'गॅस.' ती खोटं बोलत नाही. प्रश्नच अर्धा आहे.

आता साधा हिशेब करू. घरात पाच माणसं. माणशी पंधरा लिटर कढत पाणी, म्हणजे ७५ लिटर. ते २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला १५०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो गॅसमध्ये साधारण ११,००० किलोकॅलरी असतात आणि शेगडीवर त्यातल्या साठ टक्के भांड्याला लागतात असं धरा. रोजचा पाव किलोला थोडा कमी गॅस झाला. सिलिंडरात असतो १४.२ किलो. म्हणजे नुसत्या आंघोळीला महिन्याला जवळजवळ अर्धा सिलिंडर, वर्षाला पावणेसहा. आणि सरकारचेच आकडे सांगतात की उज्ज्वलाचं कुटुंब वर्षाला सरासरी चारच्या आसपास सिलिंडर घेतं. त्या चारांत स्वयंपाकसुद्धा पुरा होत नाही. मग पाणी कशावर तापतं, हे कळायला पंडित लागत नाही.

कोणी म्हणेल, सौर बंब बसवा. आमच्याकडे मिरगापासून दसऱ्यापर्यंत सूर्य कधी दिसतो आणि कधी नाही. गरम पाण्याची खरी निकड त्याच दिवसांत, माणूस लावणीतून चिखलाने माखून, भिजून घरी येतो तेव्हा. विजेची कांडी टाका म्हणाल, तर त्याच दिवसांत फांदी पडते आणि दोन-दोन दिवस लाईट नसते. म्हणजे फाटी जळणारच. आज जळतायत, आणखी वीस वर्षांनीही जळतील. मग त्यांचा विचार करायला लाज कसली?

आमच्या आधीच्या पिढीला ही लाज नव्हती. त्यांच्याकडे एक शब्द होता, बेगमी. काकीची बेगमी फाल्गुनात सुरू व्हायची. वाळलेल्या फांद्या आधी, मग बांधावरच्या झाडांची छाटणी. फोडलेली लाकडं दोन महिने उन्हात आडवी-उभी रचायची, मिरगाच्या आत पडवीत घ्यायची. कुठलं लाकूड झटकन पेटतं, कुठल्याचा निखारा टिकतो, हे तिला पाठ होतं. बिब्ब्याला ती हात लावू देत नसे, अंग सुजतं म्हणून. "सुकलेली फाटी निम्मी लागते," असं ती म्हणायची. बरोबरच होतं तिचं. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. आधी ते पाणी उकळून जाणार, मग उष्णता भांड्याला. धूरही त्यानेच दाटतो. आज शहाणी माणसं जिला ऊर्जा-नियोजन म्हणतात, ते ती बाई दरवर्षी करत होती. फक्त एका घरापुरतं.

गावापुरतं ते कोणीच केलं नाही. आणि जिथे गाव हिशेब ठेवत नाही, तिथे दुसरा कोणी ठेवतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सरकारी जंगल थोडं, डोंगर बहुतेक मालकीचे. भाऊबंदकीत अडकलेला सातबारा, मालक मुंबईत, पैशाची नड. व्यापारी येतो, डोंगराचा डोंगर उक्ता घेतो. ऐन, किंजळ, हातात येईल ते तोडून ट्रक भरतात आणि रात्री घाट चढतात. ते लाकूड वीटभट्टीत जातं, कारखान्याच्या बॉयलरमध्ये जातं. डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बाईला मात्र रस्त्यात हटकून विचारलं जातं, 'कुठली तोडलीस?' तिची मोळी वीस-पंचवीस किलोंची, ट्रक दहा टनांचा. जंगल कोणी संपवलं, हे शाळेतलं पोरही सांगेल.

शब्दांची गंमत पुढे आहे. लाकडाचा भुसा, काटक्या, पाचट दाबून केलेल्या कांड्या कारखान्यात जाळल्या की त्यांना 'व्हाइट कोल' म्हणतात आणि ते हरित इंधन ठरतं. त्याच काटक्या आमच्या न्हाणीत जाळल्या की तो मागासलेपणा. जुने तांब्याचे बंब आता शहरातल्या हॉटेलांच्या दारात शोभेला उभे असतात. त्या बंबाच्या मधोमध विस्तवाची नळी असते आणि पाणी तिच्या चहूबाजूंनी, म्हणून तीन दगडांवरच्या हंड्यापेक्षा फार थोड्या फाट्यांत काम भागतं. गावात हंडा राहिला आणि बंब गेला भंगारवाल्याकडून शोभेला.

असं नाही की कोणी काही केलंच नाही. १९८०च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. चुलीला धुराडं हवं, जाळ भांड्याला लागायला हवा, हा विचार योग्य होता. पुण्याच्या 'आरती' संस्थेसारख्या लोकांनी त्यात चांगलं काम केलं. पण तालुक्याला उद्दिष्ट आलं, ठेकेदाराने मोजून चुली घातल्या, फोटो काढले. धुराडं कोंडलं तर साफ कोण करणार, चूल फुटली तर कोण लिंपणार, हे ठरलंच नाही. २००२ साली केंद्राने योजना गुंडाळली. दोष चुलीला दिला गेला.

माझं म्हणणं एवढंच की हे काम गावाने करावं, आणि ते गावाला जमतं. पुरावा हवा तर मयताकडे बघा. आमच्या वाडीत कोणी गेलं की कोणी सांगावं लागत नाही, घरटी लाकूड येतं. एका चितेला तीनशे किलोंच्या आसपास लाकूड लागतं, ते तासाभरात गोळा होतं. मेलेल्यासाठी गावाची बेगमी पक्की आहे. जिवंत बाईने मात्र आपली मोळी आपण शोधावी.

गडचिरोलीचं मेंढा (लेखा) गाव घ्या. तिथलं जंगल सरकारी, आमचं मालकीचं, फरक मोठा आहे. पण २००९ साली सुमारे १८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळण्याच्या कितीतरी आधीपासून त्या गावाने अभ्यासगट बसवला होता. आधी समजून घ्यायचं, मग सर्वांनी मिळून ठरवायचं. ती रीत उचलायला सातबारा आड येत नाही.

'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात पाखाडी, गटार, समाजमंदिर असतं. आमच्या ग्रामसभेत मी सरपणाचा विषय काढला तेव्हा साहेब हसले आणि म्हणाले, "गुरुजी, आता गॅसचा जमाना आहे." हसू द्या. पुढच्या आराखड्यात सरपणाचं एक पान हवं. वाडीत वर्षाला किती फाटी जळतात, ते बायकांना विचारून त्यात लिहा. गायरानात आणि बांधांवर सरपणाची झाडं लावा, ती आळीपाळीने छाटा, मुळापासून नको. मुंबईकर मालकांशी बोलून डोंगर उक्ता देण्याऐवजी छाटणीचा करार करा. घरटी एक बंब किंवा धुराड्याची पाण्याची चूल द्या, आणि ती दुरुस्त करणारा गावातलाच एक माणूस पगारी ठेवा. गॅसचं अनुदान आहे ते राहू द्या, स्वयंपाकघराला ते लागतंच.

एवढं झालं तर पडवीतला धूर निम्म्यावर येईल आणि डोंगरावर झाड राहील. पुढच्या ग्रामसभेला बायकांनी मोळ्यांचा आकडा घेऊनच यावं, आणि तो इतिवृत्तात लिहिल्याशिवाय उठू नये.