मैल्यातला पैसा कोणाच्या खिशात?



मैल्यातून गॅस निघतो, ही नवी जादू नव्हे. 1897 साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाकीतला गॅस गोळा करून त्यावर इंजिन चालवले होते. तरीही आज ऐकवले जाते की, "गॅस परवडत नाही." मग हिशेबच मांडू या.

व्यंकोजीराजांचे तंजावर घ्या. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 2,22,943. सगळ्यांचा मैला केंद्रावर पोचला, गाळ बंद टाकीत कुजवला आणि माणशी रोज 15 लिटर गॅस धरला, तर सुमारे 3,300 घनमीटर होतो. घनमीटरला दोन युनिट, म्हणजे रोज 6,600 युनिट वीज. युनिटला 7 रुपये धरा. वर्षाला 1 कोटी 68 लाख!

खर्च आहेच, तो आम्ही नाकारत नाही. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड धुऊन काढला नाही तर तो इंजिन खातो. टाकीत वाळू साचते. या कामाला हात बसलेले फिटर लागतात. दहा कायम फिटरांना महिना 40,000 रुपये दिले, तरी वर्षाचे 48 लाख होतात. उरलेल्या 1 कोटी 20 लाखांत यंत्राचे हप्ते आणि सुटे भाग बघा. अगदी लहान गावात इंजिन परवडणार नाही. तिथे गॅस चुलीला द्या.

मग घोडे अडते कुठे? कंत्राटात! कमी बोलीचा मक्तेदार आधी फिटर कमी करतो. विजेचे बिल पालिकेने भरायचे असा करार असेल, तर इंजिन बंद पडले तरी त्याचे काय जाते? गॅस जाळून टाकतो, पालिका वीज विकत घेते आणि ठपका येतो गॅसवर. सफाईपासून टपाल वाहतुकीपर्यंत कंत्राटाचा अनुभव रेल्वे-टपाल कामगारांना नवा नाही.

हाच वायू मॅनहोलमध्ये कामगाराचा जीव घेतो. गटारात मेलेल्याच्या वारसाला 10 लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले; 2023 साली ते 30 लाख केले. भरपाई हक्काचीच, पण आम्हाला माणूस जिवंत हवा.

म्हणून आमची मागणी: गॅस आणि विजेची रोजची नोंद केंद्राच्या दारावर लावा. देखभालीला कायम कामगार नेमा. बचतीतला पहिला रुपया सुरक्षेच्या साधनांवर खर्च करा. मैला जनतेचा, घाम कामगाराचा. मग नफा मक्तेदाराचा का?