मंत्रालयाला जायचे कसे?



मुंबईचा रस्ता सोपा झाला, असे सरकार सांगते. खरे आहे. आधी रस्ताच सांगून टाकू.

विदर्भ एक्स्प्रेसने किंवा देवगिरीने सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे. पायी जाणाऱ्याने दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौक गाठावा, पुढे ओव्हल मैदान ओलांडून मादाम कामा रस्त्याला लागावे. अर्ध्या-पाऊण तासात मंत्रालय. चालवत नसेल तर ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावते. टर्मिनसनंतरचे तिसरे स्थानक विधान भवन, तिथून मंत्रालय जवळच. मोटारवाल्यांसाठी ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरा झाला. त्यावर ट्रॅक्टर नाही, दुचाकी नाही, बैलगाडीचे तर नावच नको. रस्ता आमच्या रानातून गेला, आमचे वाहन मात्र कुंपणाबाहेर.

म्हणजे वाट आखूड झाली. लांबले ते दार. ॲपवर नोंदणी करा, चेहरा दाखवा, पास काढा, दुपारपर्यंत ताटकळा. आत शिरलात की साहेब बैठकीत. हुतात्मा चौकात मशाल हाती घेतलेल्या शेतकऱ्याचा पुतळा आहे. पुतळ्याला सरकार हार घालते, जित्या शेतकऱ्याला पास मागते.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालत आले. दहावीच्या पोरांच्या परीक्षेला त्रास नको म्हणून शेवटची मजल रात्रीतून चालले. त्यांना आझाद मैदानात लेखी आश्वासन मिळाले. मार्च २०२३ मध्ये पुन्हा चालावे लागले. त्याच २०१८ साली मंत्रालयाच्या मधल्या मोकळ्या जागेत जाळी बांधली गेली, वरून कोणी उडी टाकू नये म्हणून. माणूस उडीपर्यंत का येतो, याचे उत्तर जाळीत सापडत नाही.

आता परदेशी कापसाची गाठ पाहा. १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात दिल्लीने तिचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. ऐन वेचणीच्या हंगामात ती बंदरात उतरली. तिला ना पास, ना रांग.

मुंबईची एक खेप म्हणजे तीन दिवस. वाफसा तीन दिवस थांबत नाही, फुटलेले बोंडही थांबत नाही. तिकीट, वडापाव आणि बुडालेली मजुरी धरली तर मदतीच्या रकमेतले हाती काय उरते, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

आमचे म्हणणे सरळ आहे. पंचनामा बांधावर होतो, तर त्याचे उत्तरही गावातच मिळाले पाहिजे. एकेकट्याने मुंबई गाठून साहेबाच्या दारात उभे राहणे बंद करा. गावागावाने एकाच दिवशी तहसिलीत अर्ज द्यावेत, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नये. कागद कुठे अडला हे विचारायला २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे: दहा रुपये आणि तीस दिवस.

हजार माणसे मुंबईत हरवून जातात. तीच हजार माणसे तहसिलीच्या अंगणात मावत नाहीत. साहेबालाही विदर्भ एक्स्प्रेस आहे, देवगिरी आहे, समृद्धी तर त्याच्याच मोटारीसाठी बांधली. आता त्याने यावे.